गॉलच्या किल्ल्यातील जुनी घरे: दुरुस्ती करताना ओलीचा हिशेब

पागोळी:

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा गॉलचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी क्रिकेटच्या सामन्यात मैदानामागची तटबंदी म्हणून पाहिलेला असतो. त्या तटाच्या आत शाळा, कचेऱ्या, चर्च, मशीद, दुकाने आणि शेकडो घरे असलेले एक नांदते गाव आहे, आणि या धाग्याचा विषय ती घरे आहेत. जुन्या इमारतींचे जतन हा माझा व्यवसाय असल्यामुळे तेथील काही घरांची आतून-बाहेरून पाहणी करण्याची संधी मला मिळाली. जांभा, चुना, कौले आणि नैर्ऋत्येचा पाऊस या चारही गोष्टी गॉलला आणि आपल्या कोकणाला समान आहेत, म्हणून तेथे काय घडते आहे ते येथे सविस्तर मांडत आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे तटबंदी उभारली, १६४० मध्ये डचांनी ती जिंकून घेतली, आणि आज दिसणारे बुरूज व रस्त्यांची आखणी मुख्यत्वे डचांच्या काळातील आहे. जुन्या दरवाजावर डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा आणि १६६९ हे साल कोरलेले दिसते. १७९६ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. घरांच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची घटना त्यानंतर घडली. १८७० नंतरच्या दोन दशकांत कोलंबोला लाटा अडवणारा बांध घालून मोठे बंदर तयार करण्यात आले, आगबोटी तिकडे वळल्या आणि गॉलचा व्यापार ओसरला. व्यापार गेल्यावर जुनी घरे पाडून नव्या पद्धतीची बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही, आणि त्यामुळेच ती टिकली असे माझे मत आहे. १९८८ मध्ये युनेस्कोने या गावाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा त्यांच्यासमोर शंभर वर्षे फारसा हात न लागलेली वस्ती होती.

ही घरे रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि आत खोल असतात. रस्त्याला लागून खांबांवर उभी असलेली उघडी पडवी, तिच्या मागे उंच छताचे मोठे दालन, बाजूंना खोल्या, आणि शेवटी चौक, विहीर व स्वयंपाकघर असा क्रम बहुधा आढळतो. भिंती जाड असून त्यांत जांभ्याचे चिरे, समुद्रातील प्रवाळाचे दगड, माती आणि चुना असे सगळेच वापरलेले आहे. छपरावर नळीची कौले आहेत, दाराखिडक्यांना अनेक ठिकाणी फणसाचे लाकूड आहे, आणि मुख्य दारावरच्या झरोक्यात लाकडी नक्षी कोरलेली असते. रस्त्यांवर सूरियाची झाडे आहेत. हा सूरिया म्हणजे आपल्या खाडीकाठचा भेंड. घराचा आराखडा युरोपीय, पण पडवी, परसू आणि लांबीरुंदीची मापे स्थानिक, असे या गावाचे वैशिष्ट्य युनेस्कोच्या नोंदीतही सांगितलेले आहे.

मला सर्वांत अधिक प्रभावित केले ते पाण्याच्या व्यवस्थेने. डचांनी सतराव्या शतकात रस्त्यांखालून गटारांचे जाळे बांधले होते. भरतीचे पाणी त्यात घेऊन ते धुऊन काढले जाई, आणि त्यासाठी ट्रायटन बुरुजावर पवनचक्कीवर चालणारा पंप बसवलेला होता. कौलांवरचे पाणी चौकात, चौकातले गटारात आणि गटारातले समुद्रात जात असे. भिंतीत जी ओल उरे ती चुन्याच्या गिलाव्यातून आणि उघड्या दाराखिडक्यांच्या वाऱ्यातून बाहेर पडे. म्हणजे गाव, घर आणि भिंत या तिन्ही पातळ्यांवर पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची सोय विचारपूर्वक केलेली होती.

गेल्या तीस वर्षांत किल्ल्यातील पुष्कळ घरे हॉटेले, दुकाने आणि उपाहारगृहे झाली आहेत, आणि त्यांची दुरुस्ती बाहेरून पाहता नीटनेटकी दिसते. परंतु ज्या घरात पूर्वी एक न्हाणीघर होते तेथे प्रत्येक खोलीला जोडून स्नानगृह आले, ज्या दालनात वारा खेळत होता ते वातानुकूल यंत्रासाठी बंद झाले, आणि काही चौकांत पोहण्याचे हौद बांधले गेले. घराचा वापर बदलला की भिंतीत शिरणाऱ्या पाण्याचे प्रमाण बदलते, आणि हा हिशेब मात्र कोणत्याही नकाशात मांडलेला नसतो. परवानगीच्या वेळी दर्शनी भागाचा, उंचीचा आणि कौलांचा काटेकोर विचार होतो, पण ओलीचा होत नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. जाणकारांनी आपली मते अवश्य द्यावीत.

माजघर:

अतिशय उपयुक्त धागा. एक मूलभूत शंका विचारतो. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या घराची डागडुजी करायची म्हटले की प्रत्येक गवंडी सिमेंटचाच गिलावा सुचवतो, आणि त्याचे कारणही पटण्यासारखे असते, कारण चुना मऊ असतो, पावसात झिजतो आणि दर दोन-तीन वर्षांनी सफेती काढावी लागते. सिमेंट कठीण असेल तर भिंत अधिक सुरक्षित राहायला हवी. मग जतनाच्या क्षेत्रातील मंडळी सिमेंटला इतका विरोध का करतात?

पागोळी:

माजघर, आपला प्रश्न योग्य आहे आणि गॉलमध्येही मालक नेमका हाच प्रश्न विचारतात, म्हणून एका भिंतीचे उदाहरण देते.

ती दोन घरांमधील सामाईक भिंत होती. मागच्या दुरुस्तीत तिला सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक रंग दिलेला होता आणि दिसायला ती ठणठणीत होती. बोटाने ठोकल्यावर मात्र जमिनीपासून सुमारे कमरेच्या उंचीपर्यंत पोकळ आवाज येत होता. मिस्त्रीने छिन्नीने एक कडा उचलली, तेव्हा गिलाव्याचा हातभर पत्रा एकसंध सुटून आला. त्याच्या मागे जांभ्याचा चिरा होता, पण त्याचा पृष्ठभाग ओल्या गुळाच्या भुकटीसारखा झाला होता आणि त्यावर पांढऱ्या क्षारांच्या सुया उभ्या राहिल्या होत्या. हात फिरवताच चिऱ्याचा थर गळून खाली पडला. सिमेंटचा गिलावा शेवटपर्यंत मजबूत होता. ज्या भिंतीसाठी तो केला ती भिंत आतून विरत होती.

याचे कारण असे. किल्ला तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला असल्यामुळे जमिनीतील ओलीत आणि वाऱ्यात क्षार असतात. ओल भिंतीत वर चढते आणि जेथून वाफ होऊन बाहेर पडते तेथे क्षार मागे ठेवते. त्यांचे स्फटिक वाढताना आजूबाजूच्या पदार्थावर दाब देतात. गिलावा चुन्याचा असेल तर वाफ त्याच्या पृष्ठभागावर होते आणि झिजतो तो गिलावा. गिलावा सिमेंटचा असेल तर ओलीला तेथून वाट मिळत नाही, ती चिऱ्यातच अडकते किंवा आणखी वर चढते, आणि झिजतो तो चिरा. चुना मऊ असणे आणि झिजणे हे त्याचे कामच आहे. गिलावा पुन्हा करता येतो, पण सामाईक भिंतीतला चिरा बदलायचा तर दोन्ही घरांना टेकू द्यावे लागतात.

चुनेगच्ची:

पागोळी यांचे विवेचन अचूक आहे. मी स्थापत्य अभियंता असून गोव्यात जांभ्याच्या जुन्या बांधकामांवर काम करतो. चुन्याविषयी काही व्यावहारिक मुद्दे जोडतो, कारण चुना वापरा असे म्हटले की काम संपत नाही.

गॉलच्या परिसरात पूर्वी चुना प्रवाळ भाजून केला जात असे. हिक्कडुवा आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर त्यासाठी प्रवाळ काढण्याचा मोठा धंदा होता. त्याने किनाऱ्याची धूप वाढली, आणि आता श्रीलंकेत किनारपट्टीत प्रवाळ काढण्यास कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. त्यामुळे जुन्या भिंतीत जो चुना आहे तोच चुना आज आणता येत नाही, आणि बाहेरून आणलेला चुना त्या भिंतीशी कसा जुळतो हे प्रत्येक ठिकाणी नमुना करून पाहावे लागते. पिशवीत मिळणारी चुन्याची पूड बऱ्याचदा हवेतच जुनी होऊन निकामी झालेली असते. कळीचा चुना आणून तो हौदात विरवावा, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यावा आणि मगच मळावा.

वाळूकडे तर फारच दुर्लक्ष होते. समुद्राची वाळू जवळ आणि स्वस्त असते, परंतु ती धुतलेली नसेल तर आपण स्वतःच्या हाताने भिंतीत मीठ भरतो. नदीची स्वच्छ, कोनदार दाण्याची वाळू घ्यावी. गिलावा पातळ थरांत करावा आणि प्रत्येक थर ओले गोणपाट लावून सावकाश सुकू द्यावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे ठेकेदाराने घाई केली की वरचा थर तडकतो आणि मग दोष चुन्याला दिला जातो.

आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरडा, उडदाचे पाणी घालण्याची परंपरा आहे आणि तिचा मला आदर आहे, परंतु ती जशीच्या तशी उचलून गॉलच्या भिंतीवर लावावी असे मला वाटत नाही. आधी मूळ गिलाव्याचा तुकडा तपासून त्यात काय आहे ते पाहावे.

खाडीकाठ:

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोलंबोत राहिलो आणि गॉलला वारंवार जाणे होत असे, म्हणून मालकीच्या बाजूविषयी लिहितो, कारण वापर का बदलला हे समजल्याशिवाय चर्चा अपुरी राहील.

किल्ल्यात मुस्लिम कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील अनेकांचे रत्नांचे किंवा इतर व्यापारांचे पिढीजात व्यवसाय होते आणि मीरान मशीद, जी दुरून एखाद्या चर्चसारखी भासते, ती त्यांच्या जीवनाच्या केंद्रस्थानी आहे. एकेका घरात भावाभावांच्या वाटण्या होऊन मालकीत अनेक नावे लागलेली असत, कौले शाकारायला कोणी पुढे येत नसे, आणि मुलींच्या लग्नाला किंवा कोलंबोत जागा घ्यायला पैसा हवा असे. श्रीलंकेत परदेशी व्यक्तीने जमीन घेतल्यास किमतीइतकाच, म्हणजे शंभर टक्के कर द्यावा लागत असे. तो २००२ मध्ये उठवण्यात आला आणि २००४ मध्ये पुन्हा लागू झाला. त्या मधल्या काळात किल्ल्यातील घरांची विक्री जोरात झाली. पुढे २०१४ च्या कायद्याने परदेशी व्यक्तीला जमिनीची मालकी देण्यावरच निर्बंध आणले आणि भाडेपट्ट्याची कमाल मुदत ९९ वर्षे ठरवली.

विकणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे मला मनापासून वाटते. छप्पर गळत असताना वारशाचे महत्त्व ऐकवले जाणे फार क्लेशकारक असते.

भरतीरेषा:

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा उल्लेख येथे व्हायला हवा. किल्ल्याबाहेरचे गॉल शहर, बसस्थानक आणि क्रिकेटचे मैदान पाण्याखाली गेले आणि फार मोठी जीवितहानी झाली, पण तटाने आतील वस्तीचे बहुतांशी रक्षण केले. मैदान नंतर पुन्हा बांधले गेले, तेव्हा किल्ल्यासमोर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींबद्दल जागतिक वारसा समितीने आक्षेप नोंदवला होता.

माझा प्रश्न जुन्या गटारांविषयी आहे. ती व्यवस्था आज किती उपयोगी आहे?

पागोळी:

भरतीरेषा, ती गटारे अनेक ठिकाणी अजून रस्त्याखाली आहेत, परंतु पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या व्यवस्थेवर हॉटेलांच्या सांडपाण्याचा भार टाकता येणार नाही हे उघड आहे. घराच्या पातळीवर जे दिसते ते असे: चौकातील पाण्याची जुनी वाट पहिल्यांदा फरशीखाली गाडली जाते. चौकाला चकचकीत फरशी बसवताना उतार बदलतो, मोरीचे तोंड बुजते, आणि पहिल्याच पावसात पाणी जोत्याशी साचते. म्हणून कोणत्याही घराच्या पाहणीत मी प्रथम चौकात बादलीभर पाणी ओतून ते कोठे जाते ते पाहते.

माजघर:

आपल्या उत्तराने सिमेंटबद्दलची माझी शंका दूर झाली, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. हॉटेल झाले नसते तर त्यांतील कित्येक घरे कोसळली असती. चुन्याचे काम जाणणारे मिस्त्री, चांगले लाकूड, हाताने घडवलेली कौले यांचा खर्च एखादे साधे कुटुंब करू शकत नाही. पाहुण्यांच्या पैशातून छप्पर दुरुस्त होत असेल तर स्नानगृहे आणि वातानुकूल यंत्रे ही त्याची किंमत म्हणून स्वीकारावी लागेल. जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी मालकाच्या उत्पन्नाचा विचार केला नाही तर त्यांचा सल्ला कागदावरच राहील.

पागोळी:

माजघर, आपल्या म्हणण्यातील पैशाचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. हॉटेलांना माझा सरसकट विरोध नाही. किल्ल्यातील सर्वांत जुन्या हॉटेलाची इमारत तर १८६० च्या दशकापासून त्याच कामासाठी वापरात आहे. माझा आग्रह इतकाच आहे की नवे पाणी कोठे आणायचे हे भिंत पाहून ठरवावे. स्नानगृहे जुन्या सामाईक भिंतीला चिकटवून न बांधता मागच्या बाजूला, नंतरच्या काळात वाढवलेल्या भागात एकत्र घेता येतात. नळ भिंतीत खाचा पाडून पुरण्याऐवजी उघडे ठेवले तर गळती त्याच दिवशी दिसते. वातानुकूल यंत्र हवेच असेल तर एखाद-दुसऱ्या झोपायच्या खोलीपुरते ठेवून मोठे दालन उघडे राहू द्यावे, कारण त्या दमट हवेत थंड केलेल्या खोलीच्या भिंतींवर पाणी धरते आणि ते लाकडात शिरते. चौकातील हौदाला मात्र माझा ठाम विरोध आहे. चौक हे त्या घराचे श्वास घेण्याचे आणि पाणी सोडण्याचे ठिकाण आहे, तेथेच कायमचे पाणी साठवणे हे घराच्या मुळावर येते, मग जलरोधक अस्तर कितीही चांगले असो.

साध्या कुटुंबांबद्दल आपण विचारले, तर तेथे एक चांगला प्रयत्न झालेला आहे. नेदरलँड्सच्या मदतीने, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या गॉल हेरिटेज फाउंडेशनच्या सहभागाने, किल्ल्यातील अनेक खासगी घरांची दुरुस्ती करण्यात आली. त्या कामात भर होता तो छप्पर, पडवी आणि दर्शनी भाग यांवर. बंदिस्त करून टाकलेल्या पडव्या पुन्हा उघडल्या गेल्या आणि कुटुंबे घरातच राहिली. पडवी उघडल्याने सौंदर्य वाढते हे खरेच, पण पावसाचा मार दर्शनी भिंतीवर न पडता पडवीच्या पाखीवर पडतो, हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.

खाडीकाठ:

पडवीबद्दल सहमत आहे. मला आठवते की पूर्वी संध्याकाळी घरची वडीलधारी माणसे पडवीत खुर्च्या टाकून बसत आणि रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलत. आता कित्येक पडव्यांत उपाहारगृहाची टेबले असतात. पडवी उघडी राहिली आहे, परंतु ती रस्त्याची राहिलेली नाही, आणि याचे मला दुःख होते.

चुनेगच्ची:

छपराविषयी थोडे. नळीची कौले एकमेकांत अडकत नाहीत, ती केवळ स्वतःच्या वजनावर आणि उतारावर बसतात, त्यामुळे वारा, माकडे किंवा पक्षी यांनी ती सरकतात आणि दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात. हे टाळण्यासाठी अनेक जण कौलांखाली सिमेंटचे नालीदार पत्रे टाकतात. गळती थांबते, पण कौलांच्या फटींतून जी उष्ण हवा वर निघून जात असे ती अडते, आणि फुटलेले कौल दिसतच नाही. पाणी पत्र्यावरून वाहत पाखीपर्यंत येते आणि वाशांच्या टोकांना कुजवते. पत्रे टाकायचेच असतील तर वाशांची टोके तपासता येतील अशी सोय ठेवावी.

नवखा_वाचक:

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझे मेहुणे व्यवसायानिमित्त श्रीलंकेत असून किल्ल्यातील एक लहान घर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्याचा विचार करीत आहेत. त्यांना तेथे स्वतः राहायचे आहे आणि दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. त्यांनी सुरुवात कोठून करावी?

खाडीकाठ:

सर्वप्रथम तेथील वकिलाकडून मालकीहक्काची कागदपत्रे तपासून घ्यावीत आणि वारसांपैकी प्रत्येकाची संमती लेखी असल्याची खात्री करावी. दुरुस्तीसाठी पुरातत्त्व विभागाची, तसेच नगरविकास प्राधिकरणाची आणि नगरपालिकेची मान्यता लागते. आधीच्या भाडेकरूने काही बांधकाम विनापरवाना केले असेल तर त्याचा प्रश्न नव्या माणसाच्या गळ्यात येतो, म्हणून करारापूर्वीच मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर ताडून पाहावे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांना याच कारणाने दीर्घकाळ काम थांबवून बसावे लागले.

पागोळी:

नवखा_वाचक, खाडीकाठ यांनी सांगितलेली कागदपत्रे झाल्यावर, शक्य असेल तर घर एका पावसाळ्यात पाहावे. गॉलला नैर्ऋत्येचा पाऊस मे ते सप्टेंबर असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही जोराच्या सरी येतात. कोरड्या महिन्यांत रंगवलेल्या भिंतीवरून काहीच कळत नाही. पावसात कोणत्या भिंतीला ओल कोठपर्यंत चढते त्याच्या खुणा खडूने करून छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

प्रत्यक्ष कामात आधी छप्पर आणि पन्हळी, मग चौकाचा उतार आणि मोरी, आणि त्यानंतर सिमेंटचा गिलावा उतरवून भिंत उघडी ठेवणे असा क्रम असावा. भिंत लगेच पुन्हा झाकू नये. ती कित्येक महिने सुकते, क्षार बाहेर येतात, ते कोरड्या कुंच्याने झाडून टाकावेत, पाण्याने धुऊ नयेत. डिसेंबरमध्ये छपराचे काम हाती घेतले तर मेपूर्वी ते पूर्ण होते, आणि चुन्याचा गिलावा पुढच्या कोरड्या हंगामासाठी ठेवता येतो. म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या पहिल्या वर्षी सुरू होणार नाहीत. मेहुण्यांनी भाडेपट्ट्याची बोलणी करताना या काळाचे भाडे कमी करून मागावे. घराची स्थिती दाखवून दिली तर मालक बहुधा ऐकून घेतात.